बुधवारचा सवाल

धामणखोरीचा आकाराम मास्तर वाईट माणूस नव्हता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढं त्याचा राग येणार आहे आणि राग आला की माणूस दुसऱ्याचं चांगलं विसरतो. पोरांवर त्याचा जीव होता, छडी जपून वापरायचा, सणावारीसुद्धा शाळेचं कुलूप स्वतः जाऊन ओढून बघायचा. पण चांगल्या माणसाच्या हातून जे वाटोळं होतं ना, त्याला तोड नसते. वाईट माणसाला निदान ठाऊक तरी असतं आपण काय करतोय ते.

धामणखोरी पन्हाळ्याच्या पायथ्याला. सक्तीच्या शिक्षणाचा कायदा यायला अजून पाच-सहा वर्षं होती, पण कोल्हापूरच्या महाराजांच्या मुलखात खेडोपाडी शाळा निघत होत्या आणि त्यातलीच ही एक. चावडीमागं कौलारू खोली, बसायला गोणपाटं, सत्तेचाळीस पोरं, बिगरीपासून चौथीपर्यंतचे सगळे वर्ग एकाच छपराखाली आणि ह्या सगळ्या गोंधळाला मिळून एकटा आकाराम मास्तर. तो स्वतः कुणब्याचा पोर. कोल्हापुरात राहून शिकला, मास्तर होऊन गावी आला. घराण्यात पाटी धरलेला पहिलाच.

शाळेसमोर बोळ, आणि बोळाच्या पल्याड बाबालाल पिंजाऱ्याचं छप्पर. बाबालाल दिवसभर तिथं बसून कापूस पिंजायचा. पुरुषभर लांबीचं त्याचं ते पिंजण, म्हणजे धनुष्यासारखं लाकूड आणि त्याला ओढून बांधलेली आतड्याची तात. लाकडी दस्त्यानं तात छेडली की त्वंय, त्वंय असा आवाज बोळ ओलांडून शाळेत यायचा आणि त्याच्यामागनं कापसाचे बारके पुंजके तरंगत खिडकीतनं आत शिरायचे. दुपारच्या उन्हाच्या पट्ट्यात ते असे सावकाश फिरायचे की त्यांच्याकडं बघता बघता अर्धी शाळा पेंगायची. पोरांच्या केसांवर पांढरं बसायचं. पाढे चाललेत, तात वाजतेय, कापूस उडतोय. त्या शाळेत जागं कोण आणि स्वप्नात कोण, हे सांगणं अवघड होतं.

ह्या खिडकीखाली बाहेरच्या बाजूला बाबालालची थोरली पोरगी नजीरा धाकट्या भावाला कडेवर घेऊन बसलेली असायची. सात-आठ वर्षांची असेल. मास्तरनं तिच्याकडं कधी लक्ष दिलं नव्हतं. एके दिवशी त्यानं तिसरीतल्या कृष्णातला उभं करून पाऊणचा पाढा विचारला, "पाऊणकी चौदा?" कृष्णात छताकडं बघायला लागला, जणू उत्तर कौलांत अडकलंय. तेवढ्यात खिडकीखालनं आवाज आला, "साडेधा."

मास्तर बाहेर डोकावला. पोरगी भावाचं नाक पुसत होती.

"कुणी शिकवलं गं तुला?"

"तुमीच की," नजीरा म्हणाली.

बाबालालला विचारून मास्तरनं तिला आत आणून बसवलं. गाव थोडं कुरकुरलं, पोरांच्यात पोरगी, तीबी पिंजाऱ्याची. मास्तरनं ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. हे त्याचं चांगलं. दीड वर्षात नजीरानं बिगरीपासून चौथीपर्यंतची वाट संपवली. पुस्तकं झाली, अपूर्णांक झाले, त्रैराशिक झालं, औटकीपर्यंतचे, म्हणजे साडेतीनपर्यंतचे, सगळे पाढे झाले. मास्तरकडं जेवढं होतं तेवढं सगळं तिनं घेतलं आणि मग ती त्याच्या तोंडाकडं बघत बसली.

आता हिचं करायचं काय? मास्तरनं ते केलं जे त्याच्या मास्तरनं त्याच्याबाबतीत केलं होतं आणि त्याच्याही मास्तरनं केलं असणार. हुशार पोराला खालच्या पोरांचे पाढे सांगायला उभं करायचं! नजीराच्या हातात छडी दिली, फळ्याजवळ उभं केलं आणि म्हणाला, "आजपासनं सगळ्या शाळेचे पाढे तुझ्याकडं." पोरगी त्या दिवशी फुलून गेली. मास्तरही खूश. त्याला वाटलं, केवढा मान दिला मी पोरीला!

आणि शाळा सुधारली, खोटं कशाला बोला. चैत्रात तपासणीला दिपोटी, म्हणजे शाळाखात्याचे साहेब, आले तर बिगरीची पोरं दिडकी घडाघडा बोलतात. दिपोटींनी चष्मा पुसून पुन्हा लावला. शेरेबुकात लांबलचक शेरा पडला, मास्तराची मेहनत म्हणून. मास्तरनं तो शेरा बायकोला, चिमणाबाईला, तीनदा वाचून दाखवला. तिला वाचता येत नव्हतं, पण तिसऱ्या खेपेला ती म्हणाली, "ह्यात त्या पोरीचं नाव कुठंच आलं न्हाय की वो." मास्तर म्हणाला, "शेऱ्यात तसं लिहीत न्हाईत."

श्रावणाच्या सुमाराला नजीराला काहीतरी व्हायला लागलं. छडी हातात, तोंडानं 'बारा चोक' चाललंय, आणि डोळे एखाद्या कापसाच्या पुंजक्यामागं चाललेत. पुंजका खिडकीतनं आला की त्याच्याबरोबर ती छतापर्यंत जायची, तिथनं दारापर्यंत, दारातनं बाहेर. तोंड इकडं, पोरगी भलतीकडंच. मास्तरला वाटलं, काम कमी पडतंय. त्यानं बाकीच्यांना पाच गणितं घातली तर हिला वीस घालायला सुरुवात केली. वीस झाली. मग चाळीस घातली. चाळीसही झाली, पण पाटी खाली ठेवताना तिचा चेहरा पाणी भरून भरून दमलेल्या बाईचा कळशी ठेवताना असतो तसा असायचा.

मग पोटात दुखायला लागलं. आज पोट, उद्या डोकं. आणि आश्विनात एके दिवशी तिनं सगळ्या शाळेला सांगितलं, "सात आठी चोपन्न." सत्तेचाळीस तोंडांनी ते म्हटलं. मास्तर दचकला. "परत म्हण." "सात आठी चोपन्न." तिनं चुकून म्हटलं नव्हतं, हे तिच्या डोळ्यांत स्वच्छ दिसत होतं. मास्तरचं डोकं फिरलं. त्यानं तिच्याच हातातली छडी घेऊन तिच्या हातावर एक दिली.

नजीरा रडली नाही. उलट छडी बसली तशी तिला जराशी जाग आल्यासारखी झाली, आणि तेच मास्तरला दिवसभर टोचत राहिलं.

सांज व्हायच्या आत बाबालाल दारात उभा. डोक्यावर कापूस, भुवयांवर कापूस, रागानं लाल झालेले डोळे तेवढे कापसाबाहेर.

"राम राम मास्तर."

"ये बाबालाल, बस."

"बसाय आलो न्हाय. पोरगी उद्यापासनं येणार न्हाय."

"मारलं म्हणून व्हय? माझं चुकलं, पण..."

"मारल्याचं काय न्हाय, मी बी मारतो की." बाबालालनं मुंडाशाच्या टोकात बांधलेला कापसाचा गोळा काढला आणि मास्तरच्या तळहातावर ठेवला. "वढून बघा ह्येला."

मास्तरनं दोन बोटांनी ओढला. तंतू निघालाच नाही. भुसा होऊन हातात आला.

"ह्यो कापूस एकदा पिंजला तवा ब्येस हुता," बाबालाल म्हणाला. "मग गावातल्या माझ्या भनीच्या पोराच्या हातात दिला, खेळ म्हणलं. त्यानं पिंजलेलाच परत पिंजला. परत पिंजला. आता ह्येची गादी हुईत न्हाय, दिव्याची वात बी हुईत न्हाय. मास्तर, तुमी माझ्या पोरीचं वरीसभर ह्येच केलंय."

मास्तरला हे झोंबलं. "आरं, सगळ्या शाळेचे पाढे तिच्या हातात दिलं मी! मान दिला तिला!"

"मान तुमास्नी मिळाला. दिपोटीचा शेरा तुमच्या नावावर हाय, माझ्या पोरीच्या न्हाय."

आत चूल फुंकत असलेली चिमणाबाई फुंकायची थांबली. खरं बोलणं असं समोरून अंगावर आलं की माणसानं कुठं बघावं? त्यानं हातातल्या भुशाकडं बघितलं.

"पूस महिन्यात मी आन माझी बायकू खैरुनबी शाहूवाडीकडं फिरस्तीला निघतो," बाबालाल जरा निवळून म्हणाला. "दरसालची फिरस्ती, गावोगाव कापूस पिंजत. ह्या सालापासनं नजीरालाबी न्यायचं, बारक्याला सांभाळंल. उगं हितं उभी ऱ्हाऊन काय करत्या?"

"नवं शिकवलं तर?" मास्तर पटकन म्हणाला. "तिला नवं दिलं तर ठेवशील?"

"तुमच्याकडं हाय?"

मास्तरला माहीत नव्हतं, पण तो म्हणाला, "हाय."

बाबालाल शब्दाचा पक्का. दुसऱ्याच्याही शब्दाला तो तसाच धरून ठेवायचा. तिथंच उंबऱ्यात बोलणं झालं. दर बुधवारी, म्हणजे गावच्या बाजाराच्या दिवशी, मास्तरनं नजीराला एक नवा सवाल द्यायचा. बाबालाल समोर उभा राहून ऐकणार. सवाल ऐकल्याबरोबर सुटला तर तो नवा नव्हेच. पुढल्या बुधवारपर्यंत पोरगी त्याच्याशी झुंजली पाहिजे. आणि ज्या बुधवारी मास्तरची झोळी रिकामी निघेल, त्या बुधवारी पोरगी बापाची. मग तिला कुठं न्यायचं, काय करायचं, ह्यात मास्तरनं तोंड घालायचं नाही.

"कबूल?"

"कबूल," मास्तर म्हणाला.

पहिल्या बुधवारी त्यानं मोठ्या हुशारीनं पाच आकड्यांचा पाच आकड्यांशी गुणाकार घातला. पाटी भरून गेली. नजीरानं ती एका दमात सोडवली आणि खाली ठेवली. बाबालाल दारातनं म्हणाला, "ह्यो जुनाच हाय. फकस्त लांब हाय." आणि पिंजलेल्या कापसाचं ओझं खांद्यावर घेतलेला तो माणूस जागचा हलेना. मास्तरनं खिडकीबाहेर बघितलं, समोर चिंच उभी होती, आणि तोंडातनं निघून गेलं, "झाडावर चढायचं न्हाय, काठी लावायची न्हाय. चिंच किती हात उंच हाय ते सांग."

नजीरानं तोंड उघडलं आणि मिटलं. तिच्या कपाळावर एक बारीक आठी पडली. वर्षभरात पहिल्यांदा. बाबालाल ओझं सावरून चालू लागला.

चार दिवस ती पोरगी चिंचेखाली होती. पाढे आता मास्तर स्वतः सांगायचा, घसा बसला त्याचा. खिडकीतनं त्याला ती दिसायची, सकाळच्या कोवळ्या उन्हात आपल्याच सावलीकडं बघत उभी. सावली लांब, मग आखूड, मग पायाशी, मग पुन्हा लांब. पाचव्या दिवशी तिनं कृष्णातला दोर घेऊन बोलावलं, स्वतःची उंची मोजून घेतली, आणि आपली सावली बरोबर तेवढी होईपर्यंत वाट बघून ओरडली, "आता चिंचंची मोज! माझी माझ्याएवढी झाल्या, तिचीबी तिच्याएवढीच असणार!" एकोणतीस हात भरली. मास्तरच्या अंगावर काटा आला. असं काही त्यानं पुस्तकात वाचलं होतं, पण ते कुणाला सुचताना कधी बघितलं नव्हतं.

दुसऱ्या बुधवारी खळ्यावरच्या नाचणीची रास. एकेक दाणा न मोजता राशीत दाणे किती? तिनं चिमूटभर मोजली, चिमटीनं चिपटं मोजलं, चिपट्यानं मापटं, मापट्यानं रास. आठवडा गेला. तिसऱ्या बुधवारच्या आदल्या सांजेला मास्तर घरात येरझाऱ्या घालत होता. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठनं येणार? चिमणाबाई भाकरी थापत होती.

"एवढं काय अडलंय वो?"

"सवाल पायजे. नवा."

"मग इचारा की, भाकरी गोलच का? खळं गोलच का घालत्यात? चौकोनी घातलं तर चालत न्हाय व्हय?"

मास्तर थांबला. बायकोकडं असं बघायला लागला की ती लाजली. दुसऱ्या दिवशी सवाल गेला, चाळीस हात दोर घेऊन जमिनीला वेढा घालायचा, जास्तीत जास्त जमीन आत यायला पाहिजे, तर वेढा कसा घालायचा? ह्या सवालाला तिला दोन आठवडे लागले. सगळी पोरं त्यात पडली. मळ्यात दोर पसरून त्रिकोण कर, चौकोन कर, आत किती घोंगडी बसतात ते मोज. ज्या कृष्णातला पाऊणकी यायची नाही तो घोंगडी घालण्यात असा पटाईत निघाला की काय सांगावं! शेवटी सहा कोपऱ्यांवरनं आठ, आठवरनं बारा, असं करत करत दोर गोल झाला आणि नजीरा त्या गोलाच्या मध्ये उताणी पडून आभाळाकडं बघत हसत राहिली.

ते दिवस मोठे चमत्कारिक होते. मास्तरला रस्त्यानं चालताना सगळीकडं सवाल दिसायला लागले. कुंभाराला विचारलं, सुताराला विचारलं, बाजारात आलेल्या अनोळखी माणसाला थांबवून "पावणं, तुमच्या धंद्यात न उलगडलेलं काय हाय?" असं विचारलं. लोक म्हणाले, मास्तर कामातनं गेला. झोपेत त्याला आकडे दिसायचे नाहीत, वस्तू दिसायच्या. ओढ्यात टाकलेला दगड, त्याची वाढत जाणारी वर्तुळं. दिवसभर जे काही दिसेल ते त्याच्याकडं तोंड करून काहीतरी विचारतंय, असं वाटायचं. सांगायचं तर मास्तर त्या दोन-तीन महिन्यांत जेवढा सुखी होता तेवढा लग्नातही नव्हता. पण दर मंगळवारी तो पुन्हा घरात येरझाऱ्या घालायचा. कारण सवाल कितीही भेटले तरी तो एकच प्रकार उचलायचा, ज्याचं उत्तर त्याला स्वतःला येतं असाच. न येणारा सवाल पोरीपुढं टाकायचा म्हणजे? मास्तर तोंडावर पडणार की! आणि येणारे सवाल हळूहळू संपत आले होते.

पौषातला बुधवार आला. त्याच दिवशी बाबालालची फिरस्ती निघायची होती. दिवस उजाडायच्या सुमाराला मास्तर पन्हाळ्याची वाट चढायला लागला, वर काहीतरी सापडेल म्हणून. धुकं असं दाट की पुढचा दगड पाय लागल्यावरच कळायचा. वर तटाजवळ जाऊन तो बसला. खाली गाव नाही, शाळा नाही, चिंच नाही, सगळं पांढरं. बाबालालनं सगळा मुलूख पिंजून ठेवल्यासारखं.

तिथं बसून मास्तरनं डोकं खाजवलं, आठवलं, शोधलं. काही नाही. मग त्याच्या ध्यानात एक गोष्ट आली आणि त्याला फार शरम वाटली. आपण आजवर कशाचंच नवल केलं नव्हतं. कोल्हापुरात जे सांगितलं ते पाठ केलं, पेटीत भरलं, गावी आणून पोरांना वाटलं. पेटी रिकामी झाली, आणि ती पोरगी अजून हात पसरून उभी. ह्यात तिचा काय दोष? आज ती जाणार. चार वर्षांनी तिचं लग्न होईल, आणि चिंचेची सावली मोजणारं ते डोकं कुठल्या तरी गावी चूल फुंकत बसेल. मास्तर त्या धुक्यात एकटाच मोठ्यानं म्हणाला, "न्हाय माझ्याकडं." आणि गंमत अशी की असं म्हणून झाल्यावर त्याला हलकं वाटलं. रडूही आलं. धुक्यात कोण बघतंय?

तो शाळेत पोचला तेव्हा धुकं बोळात उतरलं होतं. बाहेर खैरुनबी बारक्याला पाठीशी बांधून उभी, शेजारी गाठोडी. बाबालाल खांद्यावर पिंजण घेऊन दारात. आत सत्तेचाळीस पोरं चिडीचूप, कारण सगळ्यांना ठाऊक होतं आज काय आहे ते. नजीरा पाटी छातीशी धरून बसली होती.

"हं मास्तर," बाबालाल म्हणाला. "बुधवार हाय."

मास्तरनं टोपी काढली. "बाबालाल, आज माझ्याकडं सवाल न्हाय."

कुणीतरी बारक्या पोरानं हुंदका दिला. बाबालालनं पिंजण दुसऱ्या खांद्यावर घेतलं. त्यालाही हे अपेक्षित नसावं. मग तो लेकीला म्हणाला, "चल बाय."

नजीरा उठली. पण दाराकडं जायच्याऐवजी ती बापासमोर उभी राहिली.

"आब्बा, माझ्याकडं हाय एक. इचारू?"

"कुणाला?"

"मास्तरास्नी."

बाबालालनं मास्तरकडं बघितलं. मास्तरनं मान हलवली. नजीरानं बापाच्या खांद्यावरचं पिंजण खाली घ्यायला लावलं, गोणपाटावर आडवं ठेवलं, आणि दस्त्यानं तात एकदा छेडली. त्वंय. मग तिनं आपली पाटी उभी करून तातीखाली बरोबर मध्यावर सारली आणि पुन्हा छेडली. बारीक, उंच आवाज आला.

"आब्बाच्या वितीनं ही तात आठ वीत हाय. चार वितीवर पाटी ठिवली की त्योच सूर येतोय, फकस्त पोराच्या आवाजात. बघा." तिनं पाटी सरकवली. "सहा वितीवर दुसरा येतोय, पर पयल्यासंगं गोड लागतोय. पाच वीत चार बोटांवर तर त्याच्याहून गोड. आन मधी कुठंबी ठिवा," तिनं पाटी जराशी ढकलून छेडलं, आणि पोरांनी कानांवर हात ठेवले, "भांडाय लागतोय. मास्तर, लाकूड काय बोलत न्हाय, आतड्याला काय गणित येत न्हाय. मग तातीला अर्धं कुठं आन पाऊण कुठं, ह्ये कसं कळतंय?"

धुक्यानं भरलेल्या त्या खोलीत तो सूर बराच वेळ लोंबकळत राहिला.

"तू खेळत हुतीस म्हणून तात सारखी ढिली हुईत हुती व्हय!" बाबालाल पुटपुटला. "मी आपला उंदरांवर संशय घेतोय."

पण त्याचा आवाज निराळा झाला होता. तो वाकला, लेकीच्या हातातनं दस्ता घेतला आणि स्वतः छेडलं. आठ वीत. चार वीत. सहा वीत. पुन्हा आठ. वीस वर्षं ती तात त्यानं रोज दिवसभर ऐकली होती. आज तो पहिल्यांदा कान देत होता.

मास्तरला उत्तर येत नव्हतं. दूरदूरपर्यंत येत नव्हतं. कालपर्यंत त्यानं काहीतरी ठोकून दिलं असतं, नाहीतर "पुढच्या इयत्तेत कळंल" म्हणाला असता. आज तो फळ्याजवळनं निघाला, कृष्णातला सरकायला लावून गोणपाटावर मांडी घालून बसला आणि कृष्णातचीच पाटी मांडीवर घेतली.

"मला येत न्हाय, नजीरा," तो म्हणाला. "तू कुठपतूर आल्यास ते सांग. मी तिथनं धरतो."

नजीरानं बापाकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत आता पाणी होतं. इतका वेळ सवाल विचारताना आज जायचंय ह्याची तिला आठवणच नव्हती.

बाहेरनं खैरुनबी म्हणाली, "आवं, उन्हं वर येतील. निघायचं न्हवं?"

बाबालालनं दस्ता कमरेला खोवला. पिंजण उचललं, खांद्यावर घेतलं. "मास्तर, बोलणं काय झालं हुतं आपलं?"

"माझी झोळी रिकामी, तर पोरगी तुझी," मास्तर खाली बसूनच म्हणाला.

"मग तिला कुठं ठिवायचं ह्यात तुमी तोंड घालायचं न्हाय."

"न्हाय घालणार. शब्द दिलाय."

"रिकामी हाय न्हवं झोळी? नक्की?"

"नक्की."

"मग पोरगी माझी," बाबालाल म्हणाला. "आन माझी पोरगी कुठं बसायची त्ये मी ठरवणार. माझी भन हाय गावात, तिच्याकडं जेवंल, निजंल. दिवसा हितं बसंल." त्यानं बाहेर बघत नाक शिंकरलं आणि लेकीवर विनाकारण खेकसला, "बस की गं खाली! उभी काय ऱ्हायलीस?"

नजीरा मास्तरच्या शेजारी बसली आणि तिनं पाटीवर आठ वितींच्या तातीची एक रेघ मारायला घेतली.